खोकाभर मलम आणि अंगठीचं बोट

आमच्या घरात एकेकाळी एकशे चव्वेचाळीस ट्यूब मलम होतं आणि घरात एकही माणूस आजारी नव्हता.

हे असं का, ते आधी सांगायला हवं. नाहीतर माझ्या होणाऱ्या सासरच्या मंडळींसारखा तुम्हीही भलताच निष्कर्ष काढाल. दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. भिवंडीच्या आसपासच्या शेतांत भात उगवायचा बंद होऊन गोडाऊनं उगवायला लागली होती. आमच्या बाळाराम काकांनीही खाडीकडच्या जमिनीवर चार गाळे बांधले आणि त्यातला एक औषधं साठवणाऱ्या कुठल्याशा एजन्सीला भाड्याने दिला. आता जमीनमालक हा आमच्याकडे एक वेगळाच प्राणी असतो. भाडेकरूच्या मालातलं थोडंफार आपल्या घरी आल्याशिवाय आपण मालक आहोत असं त्याला वाटतच नाही! शेजारच्यांच्या गाळ्यात बिस्किटं होती, त्यांची मुलं गुटगुटीत झाली होती. पलीकडच्यांकडे टाइल्सचं गोडाऊन, म्हणून त्यांच्या गोठ्यातसुद्धा गुळगुळीत गुलाबी टाइल्स. (म्हैस दोनदा आपटली, पण टाइल्स निघाल्या नाहीत.) आमच्या नशिबी औषधं आली. पावसात एका खोक्याचा बाहेरचा पुठ्ठा भिजला, तिथल्या मॅनेजरने तो खोका बाजूला काढला आणि काकांनी तो जीपमध्ये घालून घरी आणला.

"आतला माल कोरा हाय!" ओट्यावर खोका आपटत काकांनी जाहीर केलं. "अँटिबायोटिक मलम. डाक्टर ज्याची एक ट्यूब लिवून देतान ना, त्याच्या बारा डझन!"

"कशाला लावाचा?" आईने विचारलं.

"सगल्याला!" काका म्हणाले.

त्यानंतरचे चार महिने आमच्या घरात हेच वैद्यकशास्त्र चाललं. आईने टाचेच्या भेगांना लावलं. बाबांनी डास चावलेल्या जागी लावलं. काकांना नवी चप्पल चावली, त्यांनी पायाला लावलं आणि मग खबरदारी म्हणून चपलेलाही लावलं. देवघराच्या दाराची बिजागरी करकरत होती, तिलाही एक बोट मलम लागलं आणि ती खरंच गप्प झाली, त्यामुळे मलमावरची आमची श्रद्धा आणखी वाढली. आणि या सगळ्या कारभाराचा प्रमुख होतो मी, हरेश, वय वर्षं सव्वीस. नारपोलीतला बाबांचा कापडाच्या लूमचा कारखाना मी बघायचो, पण बारावीला सायन्स घेतलेला खानदानातला पहिला माणूस म्हणून आरोग्यखातंही माझ्याकडेच होतं. (बायॉलॉजी दुसऱ्या खेपेला सुटला होता, पण ते आम्ही सांगत नसू.)

प्रत्येक ट्यूबच्या डबीत एक पातळ कागद घडी करून घातलेला असायचा, त्यावर मुंगीएवढी अक्षरं. बाबा तो गुंडाळून कान कोरायला घ्यायचे. आई डुगडुगणाऱ्या पाटाखाली सारायची. तो वाचायचा असतो ही शंका आमच्यापैकी एकालाही आली नाही.

अशातच माझं लग्न ठरलं. मुलगी कोनची, कल्याण रस्त्यावरच्या त्या कोन गावची. नाव वैशाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बघायला गेलो तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला, "शेवटचं काय वाचलंत?" मी म्हणालो, "लाइटबिल." ती हसली. मी तिथेच गार झालो! आजवर माझ्या एकाही विनोदाला कुणी हसलं नव्हतं (आणि तो विनोद नव्हता, मी खरं सांगितलं होतं). साखरपुड्याची तारीख धरली. निजामपुऱ्यातल्या सोनाराकडे अंगठीचं माप देऊन आलो, उजव्या हाताच्या अनामिकेचं. त्या मापाच्या वेळी माझं बोट कसं सडसडीत होतं, हे लक्षात ठेवा.

साखरपुड्याच्या दोन आठवडे आधी, रविवारी, कोनची मंडळी आमच्याकडे जेवायला आली. वैशाली, तिचे आई-वडील आणि तिचे गणपतमामा. मामा म्हणजे त्या घरातलं वरिष्ठ न्यायालय. त्यांनी मान डोलावली तर लग्न, नाही डोलावली तर नाही. आम्हा आगरी माणसांत पाहुण्याला चिंबोऱ्या (खाडीतले खेकडे) वाढल्या नाहीत तर ते जेवण धरतच नाहीत, म्हणून काकांनी पहाटेच खाडीवरून हाताच्या पंजाएवढ्या जिवंत चिंबोऱ्या आणल्या होत्या, नांग्या सुतळीने बांधलेल्या.

चिंबोऱ्या मोडायचं काम आई करते. गेली तीस वर्षं तीच करते. पण वैशाली मोरीच्या दाराशी उभी होती आणि मला काहीतरी करून दाखवायची फार इच्छा झाली.

"आई, हो बाजूला. मी मोडतो."

"तुना जमाचा न्हाय. सुतली नको सोरू."

"सुतळी सोडल्याशिवाय काय मजा?" मी म्हणालो आणि वैशालीकडे बघून सुतळी सोडली.

चिंबोरीनेही वैशालीकडे एकवार बघितलं असावं. तिला हे स्थळ पसंत नव्हतं. तिने माझं बोट धरलं. दहा बोटांतून तिने नेमकी उजवी अनामिका निवडली! मी जो आवाज काढला तो मर्दानी नव्हता. पलीकडच्या गोठ्यातली म्हैस तिसऱ्यांदा आपटली ती त्या आवाजानेच, असं शेजारी अजून म्हणतात. मी बोट झटकत मोरीभर नाचत होतो, चिंबोरी बोटाला लोंबकळत होती आणि शेवटी गणपतमामांनी शांतपणे पुढे होऊन तिची नांगी मुळापासून पिरगाळली.

जखम लहानच होती. थोडं रक्त, थोडा खाडीचा चिखल.

"आधी साबणाने धुवा," वैशाली म्हणाली. "नळाखाली धरा, चिखल निघू दे. आणि उद्या धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या."

माझ्या आयुष्यात एखाद्या बाईने पहिल्यांदाच माझी इतकी काळजी केली होती. त्यावर शहाण्या माणसाने बोट धुतलं असतं. मी हसलो!

"साबण?" मी म्हणालो. "मॅडम, साबण कपड्यांना. आमच्याकडे अँटिबायोटिक असतं. घरचं."

काका मोठ्याने हसले. आईसुद्धा पदराआड हसली. वैशाली फक्त माझ्या बोटाकडे बघत राहिली. त्या बघण्याचा अर्थ आता मला चांगला कळतो, कारण गेली कित्येक वर्षं तेच बघणं माझ्या वाट्याला येतं आहे.

मग मी पाहुण्यांसमोर उपचाराचं प्रात्यक्षिक केलं. न धुतलेल्या, चिखलाच्या बोटावर अर्धी ट्यूब पिळली. मलम वाहू नये म्हणून त्यावर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला. प्लास्टिक सुटू नये म्हणून त्यावर गोडाऊनमध्ये खोके बंद करतात ती तपकिरी टेप, चार वेढे. बोट आता अंगठ्याच्या दुप्पट झालं होतं आणि आतून पचपचत होतं. मी ते उंच धरून जेवलो.

पहिले तीन दिवस मी हा कार्यक्रम रोज सहा वेळा केला. कारखान्यात शिफ्ट बदलताना भोंगा झाला की मी टेप बदलायचो, इतका नियमितपणा मी अभ्यासात दाखवला असता तर बायॉलॉजी पहिल्या खेपेला सुटला असता. चौथ्या दिवशी बोटाला खाज सुटली.

"खाज म्हंजे जखम भरतेय," काका म्हणाले.

पाचव्या दिवशी बोट लाल झालं, त्यावर बारीक पाण्याचे फोड आले आणि लाली तळव्यापर्यंत उतरली. निदान आता तरी कुणी डोकं चालवायचं! पण आमच्या घरात डोकं चालवायचं खातंही माझ्याकडेच होतं. मी विचार केला, लाली वाढते आहे, म्हणजे मलम कमी पडतं आहे. डोस दुप्पट केला. लाली मनगटापर्यंत आली. म्हणजे अजूनही कमीच पडतं आहे! मी मनगटापर्यंत लावलं. लाली कोपराकडे निघाली. ती पुढे आणि मी ट्यूब घेऊन तिच्या मागे, असा आमचा प्रवास चालला होता आणि ती कशामुळे पुढे जाते आहे हे मी सोडून कुणालाही कळलं असतं. (म्हणजे मी, आई, बाबा आणि काका सोडून.)

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण साखरपुडा म्हटला की फोटो आले, व्हिडिओ आला आणि माझ्या गालावर दोन मुरमं होती, एक डोळ्याखाली.

"तोंडाला पन लाव की," आई म्हणाली. "उजलशील."

मी चेहराभर लावलं. शनिवारी सकाळी उठलो तर उजवा डोळा उघडेना. आरशात बघितलं. चेहरा तांबडा, गाल फुगलेले, ओठ एका बाजूला गेलेले. मी तसाच ओट्यावर आलो. बाबा चहा पीत होते. बाबा महिन्यातून चार वाक्यं बोलतात. त्यातलं एक त्यांनी तिथे खर्च केलं.

"कुनाचा पोर यो?"

आईने हळद आणली. पण मलम पुसून हळद लावावी असं तिला वाटलं नाही, कारण मलम विलायती औषध आणि हळद घरची, दोन्हींचा मान राखायला हवा. मलमावर हळद बसली. आता मी लाल होतो आणि त्यावर पिवळा. अशा अवस्थेत मी कारखान्यात गेलो, कारण त्या दिवशी मागावर सुताचं नवीन बीम चढवायचं होतं.

मुकादम मला बघून चार पावलं मागे सरकला. "मालिक, ये क्या हो गया?"

"कुछ नहीं, चिंबोरी ने काटा."

"मुँह पे?"

"नहीं, उंगली पे."

मुकादमाने माझ्या बोटाकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं आणि नम्रपणे म्हणाला, "आप घर जाओ मालिक. बीम को हाथ मत लगाना."

तिथून बातमी निघाली. मुकादमाने चहावाल्याला सांगितलं, चहावाल्याने रिक्षावाल्याला आणि रिक्षावाला सवारी घेऊन कोनला गेला. नारपोलीहून निघाली तेव्हा ती बातमी "मालकाच्या हाताला काहीतरी झालंय" एवढीच होती. कोनला पोचली तेव्हा "नवऱ्या पोराला कातडीचा रोग हाय, घरच्यांनी लपवला" अशी झाली होती. बायका मला बघून पदर आवरून घ्यायला लागल्या. आमच्या गल्लीतल्या वाण्याने सुटे पैसे माझ्या हातावर न ठेवता काउंटरवर ठेवले. कातडीचा खरा आजार असलेल्या माणसाला आपण सगळे कसं वागवतो, ते मला त्या दोन दिवसांत समजलं, आणि ते समजायला माझ्यासारख्या शहाण्याचं तोंड सुजावं लागलं याची मला अजून लाज वाटते.

सोमवारी दुपारी, काही न कळवता, गणपतमामा आले.

मी खिडकीतून त्यांना फाटकाशी पाहिलं. हे साधं येणं नव्हतं. ही तपासणी होती. मामांनी मान डोलावली नाही तर वैशाली संपली! तोंड लपवायला काहीतरी हवं होतं. समोर खुंटीला मोटरसायकलचं हेल्मेट होतं. मी ते घातलं, काच खाली ओढली, हातात मोजे चढवले आणि सोफ्यावर बसलो.

मामा आले, समोर बसले, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"खय निंगालास का?"

"हो, म्हणजे, निघतच होतो," मी हेल्मेटच्या आतून म्हणालो.

"मंग मी आलू त ते हेल्मेट कार की."

"डोकं दुखतंय, मामा."

"म्हून हेल्मेट?"

"दाबून धरलं की बरं वाटतं."

मामांनी यावर विचार केला. तेवढ्यात आईने चहा आणला. पाहुण्यासमोर चहा नाकारणं हा अपमान, त्यामुळे मी काच दोन बोटं वर केली आणि फटीतून कप आत घातला. वाफेने काच आतून धुकटली. मला काहीच दिसेना. मी चहा हनुवटीवर ओतला, ओरडलो आणि भाजलं म्हणून हेल्मेट काढून फेकलं!

मामांनी कप खाली ठेवला.

आईला वाटलं आता आपण बाजू सावरली पाहिजे. आईचा स्वभाव फार प्रेमळ आहे आणि तिने बाजू सावरली की काहीच शिल्लक राहत नाही.

"घाबरू नका हो, मामा," ती म्हणाली. "काय न्हाय झालेला. औशद चालू हाय. आमचे घरान सगलेच लावतान!"

"सगलेच?" मामा.

"सगलेच! ह्यो लावतो, मी लावतंय, ह्याचे बाबा लावतान, भावजी तं चपलेला पन लावतान!" आणि मामांची खात्री पटावी म्हणून तिने कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली.

आत आमचा खोका होता. चार महिने वापरूनही त्यात शंभराच्या वर ट्यूब होत्या, ओळीने लावलेल्या, प्रत्येकीवर कातडीचं चित्र. मामा उठून उभे राहिले. एका घरात शंभर ट्यूब कातडीचं औषध! रिक्षावाल्याने सांगितलं ते फारच कमी होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"या दोन तुमाला," आईने दोन डब्या त्यांच्या हातात कोंबल्या. "तुमचे घरच्यांना पन लावा."

मामांनी त्या दोन बोटांच्या चिमटीत धरल्या आणि चप्पल न घालता निघाले. चप्पल फाटकाबाहेर जाऊन घातली.

संध्याकाळी कोनहून निरोप आला, साखरपुडा सध्या राहू द्या. सध्या, या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. काका म्हणाले, दुसरी पोरगी बघू, कोनलाच काय पोरी हायत का? मी उठून गच्चीवर गेलो आणि तिथे मला खरंच रडू आलं. माझं वैशालीवर प्रेम होतं. एकदाच हसली होती ती, पण तेवढ्यात माझं काम झालं होतं, आणि तेही मी एका चिंबोरीपुढे शान मारून घालवलं. रडताना अश्रू गालावरून आले तर गाल असे चुरचुरले की मला रडणंसुद्धा अर्ध्यावर सोडावं लागलं.

मंगळवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत माझ्या मोबाइलवर तिचा फोन आला. मिस्ड कॉल नव्हे, चांगला वाजत राहिलेला फोन.

"मामांनी दोन डब्या आणल्यात," वैशाली म्हणाली. "घरात घेतल्या नाहीत, तुळशीजवळ ठेवल्यात. मी एक उघडली. आत एक कागद आहे. तुम्ही वाचलात?"

"कसला कागद?"

मग तिने वर्गात विचारतात तसं विचारायला सुरुवात केली.

"लिहिलंय, लावण्याआधी जखम साबण आणि पाण्याने स्वच्छ धुऊन कोरडी करावी. केलीत?"

"नाही."

"पातळ थर लावावा. दिवसातून दोन-तीन वेळा."

"जाड. सहा वेळा."

"फक्त किरकोळ खरचटणं, कापणं यासाठी. प्राणी चावल्यास किंवा जखम खोल असल्यास डॉक्टरांना विचारावं."

"चिंबोरी प्राण्यात येते का?"

"डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हवाबंद पट्टीने झाकू नये."

मी बोटावरच्या तपकिरी टेपकडे बघितलं.

"डोळ्यांजवळ लावू नये. आठवड्याच्या वर वापरू नये. आणि आता नीट ऐका. खाज, लाली, पुरळ किंवा सूज आल्यास वापर ताबडतोब थांबवावा. तुम्ही खाज आल्यावर काय केलंत?"

"दुप्पट लावलं," मी म्हणालो.

"आणि लाली आल्यावर?"

"ती जिथे गेली तिथे लावलं."

"तुम्ही बारावी सायन्स ना?"

"कागद कुठल्या भाषेत आहे?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला हिंदी. चार वाजता निजामपुऱ्यात डॉक्टरांकडे या. मी मामांना घेऊन येते. तुमच्या तोंडून नको, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे त्यांना. आणि तोपर्यंत एक थेंबही लावू नका. हळदसुद्धा."

निजामपुऱ्यातले डॉक्टर म्हातारे, लूमच्या खडखडाटात पन्नास वर्षं दवाखाना चालवल्यामुळे सगळ्यांशी ओरडूनच बोलत. त्यामुळे माझी तपासणी बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनाही व्यवस्थित ऐकू गेली.

"कितने दिन से लगा रहे हो?"

"जखम पे नौ दिन. वैसे चार महिना."

"खुजली हुई तो?"

"और लगाया."

"बढ़ गया तो?"

"और लगाया."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कंपाउंडरला हाक मारली, टेप आणि प्लास्टिक काढायला लावलं आणि माझा हात बेसिनमध्ये नळाखाली धरून साबणाने धुतला. मलमाचा, हळदीचा आणि चिखलाचा थर वाहून गेला तेव्हा खाली चिंबोरीची मूळ जखम दिसली. तांदळाच्या दाण्याएवढी होती. जवळजवळ भरून आली होती.

"डाक्टरसाब," मामांनी न राहवून विचारलं, "म्हंजे ह्याला रोग हाय का न्हाय?"

"इसको ये मलम सूट नहीं करता, बस," डॉक्टर ओरडले. "किसी किसी को नहीं होता सूट. बंद करेगा, गोली लेगा, चार-पाँच दिन में उतर जाएगा. किसी को लगता नहीं, फैलता नहीं." मग ते मामांसाठी मुद्दाम मराठीत आले. "रोग आहे तो अकलेचा आहे. तो मात्र पसरणारा आहे. घरात सगळ्यांना झालाय म्हणता ना?"

बाहेरचा अख्खा बाक हसला. मामाही हसले आणि हसता हसता त्यांची मान डोलली! मला दंडावर धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं. डॉक्टर ते टोचत असताना वैशालीने दुसरीकडे बघितलं नाही, उलट थोडं पुढे वाकून नीट बघितलं.

रविवारी साखरपुडा ठरल्याप्रमाणे झाला. आमच्याकडे साखरपुडा म्हणजे निम्मं लग्नच. मांडवात दोन्ही गावं, बॅन्जो पार्टी आणि पुढच्या रांगेत बघायलाच आलेल्या बायका, कारण रिक्षावाल्याची बातमी सगळीकडे पोचली होती. माझ्या चेहऱ्याची सूज उतरली होती, नुसता तो थोडा सोललेला होता. ("गोरा झालाय," आई सगळ्यांना सांगत होती.) वैशालीने अंगठी हातात घेतली, माझं बोट धरलं आणि अंगठी पहिल्या पेराशी अडकली.

तिने जोर लावला. मी दात आवळले. अंगठी हलेना. सूज उतरली होती, पण अनामिका अजून आपल्या मूळ मापावर आली नव्हती. बॅन्जोवाल्यांना वाटलं झालं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली, मग थांबले. मांडवात कुजबुज सुरू झाली. आणि त्या कुजबुजीत बाळाराम काका खुर्चीवर उभे राहून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे ओरडले.

"मलम लाव! सरकल! मी आनलाय!"

आणि खरंच त्यांनी सफारीच्या खिशातून ट्यूब काढली! गणपतमामा उडी मारून त्यांच्या आणि माझ्या मध्ये आले. आईने डोळे मिटले. वैशाली मात्र शांत होती. तिने आपली पर्स उघडली, त्यातून प्रवासात नेतात तशी एक छोटी साबणाची वडी काढली आणि करवलीला म्हणाली, "तांब्याभर पाणी आण."

दोन गावांसमोर, व्हिडिओ चालू असताना, माझ्या होणाऱ्या बायकोने माझं बोट साबणाने स्वच्छ धुतलं. दोन आठवडे उशिरा. अंगठी फेसावरून सुळकन आत गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून उभा होतो आणि मला इतका आनंद झाला होता की माझं हसं झालं आहे हेसुद्धा मला आवडत होतं.

लग्नानंतर वैशालीने पहिल्या आठवड्यात तो खोका गोडाऊनमध्ये परत पाठवला. काका स्वतः जीपमधून घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने येणं बरं दिसत नाही म्हणून येताना खोकल्याच्या औषधाचा खोका घेऊन आले. तो तिने जीपमधून उतरूच दिला नाही.

आता घरात एकच ट्यूब असते, दुसऱ्या कुठल्यातरी औषधाची, डॉक्टरांना विचारून आणलेली. कुणाला खरचटलं की वैशाली आधी साबणाने धुते, मग हात धुऊन वाटाण्याएवढं मलम काढते. आरोग्यखातं माझ्याकडून गेलं, पण मला अगदीच मोकळं ठेवलेलं नाही. ट्यूब नवी आली की तिच्यातला कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आहे, ही शिक्षा आहे की सन्मान ते मी विचारलेलं नाही. मागच्या वेळी मी चष्मा लावून पहिल्या अक्षरापासून वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आलो: "मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे." वैशाली उठली, माझ्या हातातून ट्यूब काढून घेतली आणि स्टुलावर चढून कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली.

घरात मुलं नव्हती. दोन्ही शाळेत गेली होती.